आज्ञापालनाच्या वर्गाला येण्याआधी

स्पर्धेच्या रिंगणात कुत्रा मालकाच्या डाव्या पायालगत चालतो, बसतो, थांबतो, हाकेसरशी धावत येतो. हे सगळं तो आनंदानं करतोय का, हेही परीक्षक बघतात. शेपूट पायात घालून चालणारा तिथे मागे पडतो. म्हणून आमच्याकडे चोक-चेन, म्हणजे ओढली की गळ्याभोवती आवळणारी साखळी, चालत नाही. साधा पट्टा, आणि कामाचा मोबदला म्हणून खाऊ.

खाऊ म्हणजे उकडलेली कोंबडीची कलेजी किंवा पनीर, हरभरा डाळीएवढे तुकडे. ५०-६० पुरतात, तेवढं जेवणातून कमी करा. भडंग सांगलीची असली तरी तुमच्यासाठीच, तिच्यात लसूण असतो. मनुका आणि चॉकलेट कधीच नको.

कुत्र्याचं बूड टेकलं की त्याच क्षणी क्लिकर (दाबला की 'टिक' वाजणारी छोटी डबी) वाजवा, मग खाऊ. सेकंदभर उशीर झाला तर तोवर तो उठलेला असतो आणि बक्षीस उठण्याला मिळतं. क्लिकच्या आधी हात खिशात जाऊ देऊ नका, नाहीतर तो खिसाच वाचायला शिकतो.

सगळ्यांचं घोडं अडतं ते डाव्या बाजूनं चालण्यात. कुत्रा पुढे पळतो, वाकडा होऊन तुमच्या गुडघ्यांसमोर येतो. बहुतेक वेळा दोष तुमच्या उजव्या हाताचा. पोटासमोरून खाऊ दिला की तोंड तिकडेच वळणार. तुकडा डाव्या हातात धरा आणि पँटच्या डाव्या शिवणीला हात टेकवूनच भरवा. सुरुवातीला एका पावलाला एक तुकडा, मग दोन पावलांना, मग कधी पाच, कधी एक. रिंगणात सहसा खाऊ नेता येत नाही, त्यामुळे ही अनियमितता मुद्दाम हवी.

शब्द जपून निवडा. 'बस' आपण पाहुण्यांना म्हणतो, पोरांना म्हणतो, वाढताना 'बस, बस' म्हणतो. दिवसभर ऐकून कुत्र्यासाठी तो शब्द बोथट होतो. 'सिट' बरा.

सराव तीन-तीन मिनिटांचा, दिवसातून तीनदा. आधी गच्ची, मग गल्ली, शेवटी कृष्णेचा घाट. लागोपाठ दोनदा चुकला तर काम सोपं करा, आवाज चढवू नका. उन्हाळ्यात डांबरावर हाताचा मागचा भाग सात सेकंद ठेववत नसेल, तर त्याला तिथे चालवू नका.

येताना सहा फुटी दोरी आणि रेबीजच्या लसीचं कार्ड आणा. कुत्री माजावर असेल तर आदल्या दिवशी कळवा. तिची वेळ वेगळी ठेवू.