मागची चाकं सुटतात तेव्हा : घसरणारी गाडी सावरायची विद्या कुठून आली

ताकदवान गाडी वळणावर मागून घसरू लागली की बहुतेक चालक दचकून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढतात. इंजिन मागे असलेल्या गाडीत नेमकं तेच अंगाशी येतं. घसरलेली गाडी सावरणं ही उपजत देणगी नसून शिकता-शिकवता येणारी गोष्ट आहे, हे मोटारींच्या जगाला पटायला बराच काळ जावा लागला.

सुरुवात १९३४ पासून करावी लागेल. त्या वर्षी जर्मनीच्या ऑटो युनियन कंपनीने फर्डिनांड पोर्श यांनी आखलेली, सोळा सिलिंडरचं इंजिन चालकाच्या पाठीमागे असलेली रेसिंग कार शर्यतीत उतरवली. १९३६ पर्यंत तिचं इंजिन सहा लिटरचं झालं आणि ताकद ५२० अश्वशक्तीच्या आसपास गेली. टायर मात्र आजच्या मानाने अगदीच अरुंद. त्यात चालकाची बैठक बरीच पुढे, त्यामुळे मागची चाकं सरकू लागल्याचं त्याला उशिरा जाणवायचं. पुढे इंजिन असलेल्या गाड्यांवर हात बसलेल्या अनेकांना ती झेपली नाही. ती वश केली बर्न्ड रोझेमायर या तरुणाने. तो मोटरसायकलच्या शर्यतींतून आला होता, मोटारीच्या शर्यतीच्या जुन्या सवयी त्याला नव्हत्याच. १९३५ मध्ये तो पहिल्यांदा या गाडीत बसला आणि १९३६ मध्ये युरोपचा विजेता झाला. २८ जानेवारी १९३८ रोजी फ्रँकफर्ट–डार्मस्टाट महामार्गावर वेगाचा विक्रम करण्याच्या प्रयत्नात त्याचा मृत्यू झाला. तेव्हा तो ताशी ४०० किलोमीटरच्या पुढे होता.

रोझेमायरच्या यशातून लोकांनी काढलेला अर्थ मला आजही खटकतो. असली गाडी चालवायला जन्मजात हात लागतो, असं मानलं गेलं. तो हात नेमकं काय करतो, हा प्रश्न शर्यतींच्या जगात मागेच राहिला.

तो प्रश्न खऱ्या अर्थाने हाताळला गेला लंडनमध्ये, आणि तोही बसचालकांसाठी. लंडनच्या बससेवेच्या चिझिक इथल्या केंद्रात पाणी मारून निसरडी केलेली एक मोकळी जागा होती. तिथे नव्या चालकाला दुमजली बस मुद्दाम घसरवून ती सरळ करायला लावत. ३०च्या दशकात हेंडन इथे पोलिसांसाठी वाहनचालनाची शाळा निघाली. तिथला अभ्यासक्रम घडवण्यात अर्ल ऑफ कॉटनहॅम या शर्यतपटूचा मोठा वाटा होता. शर्यतीतलं ज्ञान शिस्तीत बांधून रोजच्या रस्त्यावर आणण्याचा तो फार महत्त्वाचा प्रयत्न होता.

मुळात घडतं काय? टायरची पकड मर्यादित असते. वळणं, थांबणं आणि पुढे ढकलणं, तिन्ही कामं तिच्यातूनच भागवायची असतात. वळणात अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडला की वजन पुढच्या चाकांवर येतं, मागची हलकी होतात आणि बाहेर सरकतात. इंजिन मागे असेल तर ही ओढ आणखी वाढते, कारण एकदा बाजूला जाऊ लागलेलं ते जड धूड सहज थांबत नाही. उपाय ऐकायला सोपा आहे. मागची बाजू ज्या दिशेला चालली आहे त्याच दिशेला स्टिअरिंग फिरवायचं, ब्रेकवर पाय द्यायचा नाही, आणि नजर खांबावर किंवा कठड्यावर न ठेवता जिथे जायचं आहे तिथे ठेवायची. नवशिक्या फसतो तो याच्या पुढच्या क्षणी. मागच्या चाकांनी पुन्हा पकड घेताच स्टिअरिंग झटकन सरळ करावं लागतं. तिथे उशीर झाला तर गाडी उलट्या बाजूला झटका मारते, आणि हा दुसरा झटका पहिल्यापेक्षा जबर असतो. पुस्तक वाचून हे हातात उतरत नाही. त्यासाठी मोकळी जागा, ओली जमीन आणि शेजारी बसलेला शिक्षक लागतो.

पोर्शची ९११ ही गाडी १९६४ मध्ये विक्रीला आली, तेव्हा हा प्रश्न शर्यतीच्या मैदानातून थेट गिऱ्हाइकाच्या दारात आला. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, ताकद १३० अश्वशक्ती. मागची बाजू चट्कन सुटते म्हणून कंपनीने मध्यंतरी पुढच्या बंपरच्या दोन्ही टोकांत वजनं बसवून पाहिली. मग १९६९ च्या मॉडेलपासून पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २२११ वरून २२६८ मिलिमीटर केलं. फरक अवघा ५७ मिलिमीटरचा, पण गाडीच्या वागण्यात तो स्पष्ट जाणवला. नंतर १९७५ च्या सुमारास २६० अश्वशक्तीची टर्बो आली आणि दुखणं पुन्हा उफाळलं. तिच्यात अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर ताकद लगेच येत नसे. क्षणभर काहीच नाही, आणि मग वळणाच्या ऐन मध्यावर सगळी एकदम. मागची चाकं सुटत, चालक घाबरून पाय काढी, आणि गाडी गर्रकन फिरे.

याच काळात शाळा निघाल्या. अमेरिकेत बॉब बाँड्युरंट या शर्यतपटूचा १९६७ मध्ये वॉटकिन्स ग्लेन इथे स्टिअरिंगचा भाग तुटून भीषण अपघात झाला. त्यातून उठल्यावर १९६८ मध्ये त्याने कॅलिफोर्नियात स्वतःची शाळा काढली. पोर्शने १९७४ मध्ये आपल्या गिऱ्हाइकांसाठी प्रशिक्षण सुरू केलं. बीएमडब्ल्यूने १९७७ मध्ये तेच केलं आणि मुख्य शिक्षक म्हणून फिनलंडचा रॅलीपटू राउनो आल्टोनेन याला बोलावलं. ही निवड अचूक होती. फिनलंडमध्ये वर्षातले कित्येक महिने बर्फावर गाडी चालवावी लागते, तिथल्या माणसाला घसरण ही आपत्ती वाटत नाही.

पुढचा टप्पा मला या सगळ्या इतिहासात सर्वात मोलाचा वाटतो. नॉर्वेने १९७९ पासून परवान्यासाठी निसरड्या जमिनीवरचं प्रशिक्षण सक्तीचं केलं. नंतर अभ्यास झाला तेव्हा असं दिसलं की तरुण पुरुष चालकांचे निसरड्या रस्त्यावरचे अपघात कमी होण्याऐवजी वाढले. फिनलंडमध्येही अपेक्षित फायदा दिसला नाही. १९९६ मध्ये स्वीडनच्या निल्स पेटर ग्रेगर्सन यांनी शिकाऊ चालकांचे दोन गट केले. एकाला गाडी सावरण्याचं कसब शिकवलं, दुसऱ्याला गाडी कशी हाताबाहेर जाते ते अनुभवायला दिलं. कसब शिकलेल्यांचा स्वतःबद्दलचा अंदाज फुगला, प्रत्यक्ष हात मात्र दुसऱ्या गटापेक्षा सरस ठरला नाही. त्यानंतर स्वीडनने प्रशिक्षणाचा रोख बदलला. घसरण्याच्या मैदानावर विद्यार्थ्याला आपली मर्यादा कुठे आहे ते कळावं, यावर भर आला. हे कसब शिकवूच नये, असा याचा अर्थ मी घेत नाही. एका दिवसाच्या शिबिराने ते अंगात मुरत नाही, एवढं मात्र यातून नक्की कळतं.

दरम्यान यंत्रही शिकत होतं. फेब्रुवारी १९८९ मध्ये मर्सिडीजचे अभियंते फ्रँक-वेर्नर मोन स्वीडनमध्ये चाचणी करताना बर्फावरून घसरून चरात गेले. प्रत्येक चाकाला वेगळा ब्रेक लावून गाडी सरळ ठेवता येईल का, हा विचार तिथून पुढे गेला. बॉशबरोबर घडवलेली ही यंत्रणा, ईएसपी, १९९५ मध्ये एस-क्लास कूपेमध्ये आली. मागची बाजू सुटली की ती वळणाच्या बाहेरच्या अंगाचं पुढचं चाक किंचित आवळते आणि गाडीचं फिरणं रोखते. १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये एका स्वीडिश मासिकाच्या चाचणीत मर्सिडीजचीच छोटी ए-क्लास उलटली, आणि कंपनीने त्या गाडीतही ही यंत्रणा सरसकट बसवली. महागड्या गाड्यांपुरती असलेली गोष्ट त्या एका फजितीमुळे सामान्य गाड्यांपर्यंत लवकर पोचली. अर्थात टायरची पकडच संपली असेल तर तीही काही करू शकत नाही.

मागे इंजिन असलेल्या गाड्यांच्या घराण्याचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. टाटा मोटर्सची नॅनो ताकदीने अगदी लहान, सुमारे ३५ अश्वशक्तीची, पण इंजिन मागे. म्हणून तिची पुढची चाकं १३५ आणि मागची १५५ मिलिमीटर रुंद ठेवली होती. मागे पकड जास्त असली की गाडी शेपूट टाकत नाही, पोर्शनेही नंतर ९११ साठी हाच मार्ग धरला होता. आपल्याकडे बर्फ नसला तरी जूनच्या पहिल्या सरीत तेल आणि धूळ कालवलेला डांबरी रस्ता असतो, आणि द्रुतगती मार्गावर साचलेल्या पाण्याचे थर असतात. आता तीन किंवा अधिक तारे हवे असतील तर गाड्यांच्या सुरक्षिततेला तारे देणाऱ्या भारत एनकॅपच्या नियमांप्रमाणे गाडीत ईएससी, म्हणजे हीच यंत्रणा, असावी लागते. परवान्याच्या परीक्षेत मात्र अजूनही आठचा आकडा काढायचा असतो, तोही इतक्या सावकाश की चाकांची पकड सुटण्याचा प्रश्नच येत नाही.