पांढरा धूर आणि श्वास घेणारी भेग

थंडीतल्या सकाळी मी माझी जुनी गाडी चालू केली. सायलेन्सरमधून पांढरे लोट निघाले आणि शेजारी उभ्या असलेल्या एका जाणकाराने निकाल देऊन टाकला, "हेड गॅस्केट गेलं, आता इंजिन खोला." बॉनेट अजून उघडायचं होतं. (हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागांमध्ये बसवलेला, गळती रोखणारा पातळ पत्रा.) बरं, टाकीतलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, महिनाभर हळूहळू कमी होत होतं, त्यामुळे मीही घाबरलो.

पण आधी त्या धुराचं बघू. पेट्रोल म्हणजे मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन. जळताना कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो, हायड्रोजनचं पाणी. त्यातला ऑक्सिजन हवेतून येतो, त्यामुळे 1 लिटर पेट्रोल जळलं की जवळपास 1 लिटर पाणी तयार होतं! एरवी ते वाफ होऊन निघून जातं, आपल्याला दिसत नाही. सायलेन्सर गार असला की वाफेचे बारीक थेंब होतात आणि तेच पांढरे दिसतात. नळी तापली की लोट विरतात. (सायलेन्सरमधून टपकणारं पाणी दाखवून "पाण्यावर चालणारी गाडी" विकणारे महाभाग असतात. पाणी ही हायड्रोजनची राख आहे. राखेवर चूल पेटत नाही.)

काळजी कधी करायची? इंजिन चांगलं तापल्यावरही लोट थांबत नाहीत, गाडीमागे रेंगाळतात, त्यांना गोडसर वास येतो आणि जमिनीवर थेंब नसताना कूलंट घटतं तेव्हा. गोड वास कूलंटमधल्या इथिलीन ग्लायकॉलचा. ते विषारी आहे, सांडलेलं असेल तर कुत्र्यामांजरांना चाटू देऊ नका. डिझेल गाडीत मात्र न जळलेल्या डिझेलचाही पांढरा धूर होतो. तो डोळ्यांना झोंबतो.

आता माझा आवडता भाग. अनेक जुन्या इंजिनांत खालचा ब्लॉक बिडाचा आणि वरचं हेड ॲल्युमिनियमचं असतं. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट पसरतं. 40 सेंटिमीटर लांबीचं हेड 80 अंशांनी तापलं, तर ते सुमारे पाऊण मिलिमीटर वाढू पाहतं, ब्लॉक मात्र त्याच्या निम्माच. या ओढाताणीत मधली गॅस्केट दर तापण्या-निवण्याला घासली जाते. गाडी एकदा जरी बेफाम तापली तरी हेड वाकू शकतं, आणि सिलिंडर व पाण्याची वाट यांच्यामध्ये केसाएवढी फट पडते.

ही फट दोन्ही दिशांनी चालते. गाडी जोर लावत असताना स्फोटाच्या क्षणी सिलिंडरमधला दाब हवेच्या दाबाच्या 50 पटींच्या आसपास जातो. कूलंटचा दाब त्यापुढे किरकोळ, म्हणून गॅस पाण्यात घुसतो. तोच पिस्टन हवा ओढायला खाली आला की, विशेषतः गाडी उभ्याने चालू असताना, सिलिंडरमधला दाब हवेच्या निम्म्याहूनही कमी होतो आणि कूलंट आत खेचलं जातं. मिनिटाला 800 फेऱ्यांवर हे सेकंदाला सहा-सात वेळा घडतं. भेग अक्षरशः श्वास घेते! गाडी बंद केल्यावरही कूलंटमध्ये दाब शिल्लक असतो. ते रात्री झिरपत राहतं आणि सकाळी पहिल्या चावीला ढग उठतो. जास्त झिरपलं तर प्रकरण गंभीर, कारण पाणी दाबलं जात नाही. त्याऐवजी कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनचा दांडा, वाकतो.

म्हणूनच शोध धुरात न घेता पाण्यात घ्यावा. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू करा. सुरुवातीचे चार बुडबुडे अडकलेल्या हवेचे असू शकतात. थांबतच नसतील तर तो गॅस. (गरम इंजिनाचं झाकण काढू नका. आतलं पाणी प्रेशर कुकरसारखं दाबाखाली असतं, दाब सुटला की क्षणात उकळून अंगावर येतं.) खात्रीसाठी मेकॅनिक रेडिएटरच्या तोंडावरची हवा ब्रोमोथायमॉल ब्लूच्या निळ्या द्रावणातून ओढतो. कार्बन डायऑक्साइड असेल तर द्रावण पिवळं पडतं. शाळेतल्या चुन्याच्या निवळीचाच हा भाऊ. स्पार्क प्लगही बघा: तीन काळपट आणि एकच धुतल्यासारखा लख्ख असेल, तर त्या सिलिंडरमध्ये वाफेची आंघोळ चालू आहे. ऑईलच्या झाकणाखालची थोडी पांढरी साय मात्र पुरावा नव्हे. छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ती नुसत्या दमटपणानेही धरते. डिपस्टिकवरचं (ऑईल मोजायच्या पट्टीवरचं) ऑईलच दुधाळ झालं असेल, तर गोष्ट वेगळी.

गळती थांबवायला रेडिएटरमध्ये अंड्यातला पांढरा भाग ओतण्याचा सल्लाही मला मिळाला. अंड्यातलं प्रथिन उष्णतेने घट्ट होतं हे खरं, पण कुठे घट्ट व्हायचं ते त्याला कोण सांगणार? रेडिएटरच्या नळ्या भेगेइतक्याच आनंदाने बुजतील.

माझ्या गाडीत बुडबुडे नव्हते, द्रावण निळंच राहिलं. हातपंपाने कूलंटमध्ये दाब भरला, तर काटा हळूहळू उतरू लागला. मग टॉर्च लावून पाहिलं: वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकाशी वाळलेल्या कूलंटचा चुन्यासारखा ओघळ. गरम इंजिनावर थेंब पडायच्या आत सुकत होता, म्हणून जमीन कोरडी. पंप बदलला, हेडला हात लावला नाही. थंडीच्या सकाळी लोट अजूनही निघतात.