मराठीचं विद्यापीठ रिद्धपुरातच का?

मार्च २०२३च्या राज्य अर्थसंकल्पात मराठी भाषा विद्यापीठासाठी रिद्धपूरचं नाव आलं, तेव्हा पुण्या-मुंबईकडच्या बऱ्याच जणांनी आधी नकाशा उघडला असेल. अमरावती जिल्हा, मोर्शी तालुका, आजूबाजूला संत्र्याच्या बागा आणि कपाशीची वावरं. वऱ्हाडातल्या मराठीच्या मास्तरांना मात्र नवल वाटलं नाही. त्यांची मागणी जुनीच होती. ती का होती, हे समजायला साडेसातशे वर्षं मागं जावं लागतं.

तेराव्या शतकात या गावात गोविंदप्रभू राहत. जन्म जवळच्याच काटसुऱ्याचा. आईबाप लवकर गेले आणि नातलगांनी पोराला रिद्धपुरात आणलं. महानुभाव पंथ त्यांना परमेश्वराचा अवतार मानतो, गावाला मात्र ते वेडेच वाटत. पोरांत खेळायचे, कुणाच्याही घरात शिरून रांधलेलं खायचे, शिवाशीव पाळायचे नाहीत. रागावले की ‘मेला जाय’ हे ठरलेलं. त्यांच्या चरित्रात मातंगांच्या वस्तीला विहिरीची जागा दाखवल्याची लीळा, म्हणजे आठवण, आहे. गावातली माणसं अडीनडीला त्यांच्याकडे धाव घेत आणि ‘राऊळ माय, राऊळ बाप’ म्हणत; राऊळ म्हणजे गोविंदप्रभूच. गुजरातेतून आलेले चक्रधर त्यांना इथंच भेटले, त्यांचे शिष्य झाले आणि पुढं त्यांनी पंथ उभा केला.

रिद्धपूरचं खरं महत्त्व चक्रधर गेल्यानंतरचं आहे. चक्रधरांचे पट्टशिष्य नागदेवाचार्य आणि इतर शिष्यमंडळी गोविंदप्रभूंच्या सेवेला इथं येऊन राहिली. त्यांच्यात सराळ्याचे म्हाइंभट होते. मोठे पंडित, घरचे सधन, वाद घालायला आले आणि शिष्य होऊन राहिले. चक्रधर काय बोलले, कुठं बसले, काय जेवले, कुणावर रागावले, हे ज्याला आठवत होतं त्याला गाठून त्यांनी विचारून घेतलं आणि गावातल्या वाजेश्वरीच्या देवळात बसून ‘लीळाचरित्र’ लिहिलं. साल साधारण १२७८ मानतात, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या बारा वर्षं आधीचं. मराठी गद्याचा हा पहिला मोठा ग्रंथ. वाचायला घेतला तर आजही चकित व्हायला होतं, कारण त्यात माणसं बोलतात. बायका कुरकुरतात, शिष्य एकमेकांच्या तक्रारी सांगतात, भिक्षेत काय मिळालं त्याची चर्चा चालते. गोविंदप्रभूंनी लग्नाचा खेळ मांडला तेव्हा महदाइसेनं रचलेले धवळे, म्हणजे लग्नाची गाणी, हीही इथलीच. मराठीतली पहिली ज्ञात कवयित्री ती.

हे सगळं मराठीत राहिलं त्यामागं नागदेवाचार्यांचा हट्ट होता. केशिराजासारखा व्युत्पन्न शिष्य संस्कृतात लिहू लागला, तर त्यांनी अडवलं: अशानं माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील. पंथातल्या अडाणी म्हाताऱ्यांना कळलं पाहिजे, एवढाच त्यांचा निकष. पुढं याच जिल्ह्यातल्या शेंडगावच्या गाडगेबाबांनी समोरच्या माणसाला प्रश्न विचारत वऱ्हाडी बोलीत कीर्तनं केली, यावलीच्या तुकडोजी महाराजांनी ‘ग्रामगीता’ ओवीत लिहिली. त्यांचा नागदेवाचार्यांशी सरळ संबंध जोडता येणार नाही, पण मला ही माणसं एकाच कुळातली वाटतात.

दुर्दैव असं की ज्या ग्रंथासाठी एवढा अट्टहास केला, तोच सहा शतकं लोकांच्या दृष्टीआड राहिला. यादवांचं राज्य बुडालं त्या धामधुमीत म्हाइंभटांची मूळ प्रत गेली. शिष्यांनी आठवून आठवून पुन्हा लिहून काढलं, म्हणून तर लीळाचरित्राचे पाठ एकमेकांशी जुळत नाहीत. नंतर पंथानं पोथ्या सांकेतिक लिप्यांत घातल्या. त्यांतली सकळ लिपी सर्वांत प्रसिद्ध: एका अक्षराच्या जागी दुसरं लिहायचं, किल्ली पंथातल्यांनाच ठाऊक. बाहेरच्यानं पोथी उघडली तरी हाती काही लागत नसे. याच काळात पंथ पार पंजाबात, काबूलपर्यंत गेला. तिकडं त्याला जयकृष्णी म्हणतात, आणि घरी पंजाबी बोलणारा अनुयायी पोथी मात्र जुन्या मराठीतली वाचतो. रिद्धपूरच्या राजमठात ‘दंडवत प्रणाम’ हा पंथाचा नमस्कार कधी पंजाबी वळणाचा ऐकू आला, तर त्याचं मूळ हे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी लिपीची उकल केली, पंथातल्या काही महंतांनीही पोथ्या दाखवायला सुरुवात केली. पुढचं काम मुख्यतः विदर्भात झालं. यवतमाळचे य. खु. देशपांडे यांचं ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ १९२५ला आलं. नागपुरात ह. ना. नेने यांनी लीळाचरित्राचे भाग छापले. मलकापूर तालुक्यातल्या नरवेलचे वि. भि. कोलते तर उभी हयात याच पोथ्यांत रमले. नागपूर विद्यापीठाचं कुलगुरुपद सांभाळलेल्या या माणसानं संपादित केलेलं संपूर्ण लीळाचरित्र १९७८ला निघालं. ग्रंथ लिहून झाल्यावर सातशे वर्षांनी.

विद्यापीठाचा कायदा २०२३च्या अखेरीस झाला आणि पुढच्या वर्षी वर्ग सुरू झाले. ऑक्टोबर २०२४मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्या दाव्यातही लीळाचरित्राचा आधार होताच. नव्या विद्यापीठाकडं अनुवादापासून बोलींपर्यंत पुष्कळ विषय असतील. पण गावोगावच्या मठांतल्या कितीतरी पोथ्या अजून छापल्या गेलेल्या नाहीत, आणि सकळ लिपी झरझर वाचणारी माणसं म्हातारी होत चालली आहेत. माझ्या मते वेळापत्रकात पहिला तास त्या लिपीचा हवा.