गायकबदल (हेवी मेटल)

मुख्य गायक गेल्यावर हेवी मेटल (जड गिटारवर चालणारा रॉक संगीताचा प्रकार) वाजवणाऱ्या बँडने दुसरा गायक घेऊन त्याच नावाने पुन्हा उभे राहणे, याला गायकबदल म्हणतात. गायक मृत्यूने जातो, भांडणातून जातो, व्यसनापायी काढून टाकला जातो किंवा स्वतःचा वेगळा संसार थाटायला निघून जातो. बँड कधी पाच महिन्यांत परततो, तर कधी चौदा वर्षांनी. १९७० आणि १९८० च्या दशकांत नाव कमावलेल्या बहुतेक मोठ्या मेटल बँडवर ही वेळ एकदा तरी आली. त्यातले काही आधीपेक्षा मोठे झाले, काहींनी जुन्या गायकाला परत बोलावले, आणि काहींच्या त्या काळातल्या रेकॉर्ड आज फक्त संग्राहकांकडे सापडतात.

मराठी वाचकाला हा प्रकार अनोळखी नाही. १९०१ मध्ये भाऊराव कोल्हटकर गेले आणि किर्लोस्कर नाटक मंडळीचा गाता गळाच हरपला. १९०५ मध्ये नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, मंडळीत आले आणि तिला पुन्हा बहर आला. १९१३ मध्ये ते बाहेर पडले तेव्हा मात्र प्रेक्षक त्यांच्याबरोबर नव्या गंधर्व नाटक मंडळीकडे गेले. किर्लोस्कर मंडळीने पुढे दीनानाथ मंगेशकरांना घेतले, तेही १९१८ मध्ये बळवंत संगीत मंडळी काढून वेगळे झाले. संगीत नाटकात लोक गळ्याच्या मागे जात. हेवी मेटलमध्ये लोक बहुधा गिटारच्या मागे जातात, आणि गायकबदल शक्य होतो तो या फरकामुळेच.

रिफ कोणाची

मेटलचे गाणे चालते ते रिफवर, म्हणजे गिटारच्या छोट्या, पुन्हापुन्हा येणाऱ्या तुकड्यावर. रिफ आधी सुचते, चाल आणि शब्द मागून येतात. त्यामुळे रिफ रचणारा माणूस जागेवर असेल तर गायक बदलूनही बँड ओळखू येतो. ब्लॅक सबाथमध्ये हे काम टोनी आयोमीचे होते. बर्मिंगहॅमच्या शीट मेटल कारखान्यात काम करताना, वयाच्या सतराव्या वर्षी, त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके मशीनने कापली गेली. नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतल्या प्रेस शॉपमध्ये ज्याने पाळी केली आहे त्याला या अपघाताचे वर्णन करून सांगावे लागत नाही. आयोमी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा नेमका तोच हात. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या आणि पुढे १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’ या अल्बमपासून तारा बऱ्याच उतरवून वाजवू लागला. मेटलचा जड, खर्जातला आवाज बऱ्याच अंशी या अपघाताचे देणे आहे.

१९७९ मध्ये सबाथने आपला गायक ऑझी ऑस्बर्न याला काढले आणि रेनबो हा बँड सोडून आलेला रॉनी जेम्स डिओ त्याच्या जागी आला. ऑझी बऱ्याचदा रिफच्या मागोमाग जाई. गिटार जे म्हणे तेच तो शब्दांत म्हणे. डिओ रिफवर आडवा गाई, त्याची चाल गिटारपासून सुटी चाले. आयोमीने रिफ तशीच जड ठेवली, पण तिच्यात गळ्यासाठी जागा सोडली. १९८० च्या एप्रिलमध्ये ‘हेवन अँड हेल’ हा अल्बम आला आणि संपत आला म्हणून ज्याच्याकडे पाहिले जात होते तो बँड पुन्हा उभा राहिला. जुने श्रोते तेव्हा नाराज झाले होते, आणि ऑझीशिवाय सबाथ नाहीच असे म्हणणारे आजही भेटतात. त्यांनाही या रेकॉर्डचे शीर्षकगीत पाठ असते.

एसी/डीसी: पाच महिने

याच वर्षी एसी/डीसीवर अशीच वेळ आली. हा बँड स्वतःला मेटल म्हणवून घेत नाही, रॉक अँड रोल म्हणतो. पण त्याच्याशिवाय ही नोंद पुरी होत नाही. १९ फेब्रुवारी १९८० रोजी गायक बॉन स्कॉट लंडनमध्ये मरण पावला. बँडने न्यूकॅसलचा ब्रायन जॉन्सन घेतला, बहामाज बेटांवरच्या नासाऊमध्ये रेकॉर्डिंग केले आणि २५ जुलैला ‘बॅक इन ब्लॅक’ बाजारात आणला. दुखवटा म्हणून मुखपृष्ठ काळे, आणि सुरुवात घंटेच्या ठोक्यांनी. त्यासाठी इंग्लंडमधल्या लफबरोच्या कारखान्यात सुमारे एक टनाची घंटा ओतून घेतली होती. नाशिकच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेखालून रोज जाणाऱ्या पंचवटीकराला ठोक्यानंतरची ती लांबलेली गुंज वेगळी समजावून द्यायला नको.

जॉन्सनने स्कॉटची नक्कल केली नाही, पण बँडची चाकोरीही मोडली नाही. रिफ रचणारे यंग बंधू जागेवरच होते. हा अल्बम जगातल्या सर्वाधिक खपलेल्या अल्बमांपैकी एक ठरला. गायकबदलाची चर्चा निघाली की पहिले उदाहरण याचेच दिले जाते, आणि ते दिशाभूल करणारे आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. इतक्या झटपट आणि इतके जमून आलेले दुसरे उदाहरण जवळपास नाहीच.

पट्टीचा प्रश्न

नव्या गायकाची खरी परीक्षा नव्या गाण्यांत होत नाही, जुन्या गाण्यांत होते. नवी गाणी त्याच्या गळ्याला बेतून करता येतात. जुनी दुसऱ्याच्या गळ्याला बेतलेली असतात, आणि तिकीट काढून आलेल्या माणसाला तीच हवी असतात.

आयर्न मेडनचे पहिले बदल सुखाचे झाले. १९८१ मध्ये पॉल डिअॅनो गेला, सॅमसन बँडमधून ब्रूस डिकिन्सन आला, आणि १९८२ चा ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचला. डिकिन्सनचा आवाज उंच, ताणलेला. त्यानंतरची सगळी गाणी त्या उंचीवर रचली गेली. १९९३ मध्ये तो बाहेर पडला आणि वुल्फ्सबेन बँडचा ब्लेझ बेली आला. बेलीचा आवाज खालचा, भारदस्त. त्याच्यासोबत केलेल्या ‘द एक्स फॅक्टर’ आणि ‘व्हर्च्युअल इलेव्हन’ या अल्बमांत त्याला साजेल असे काही होते, पण मैफलीत डिकिन्सनची गाणी मूळच्याच पट्टीत वाजत राहिली. बेली तिथवर पोचताना दिसे आणि श्रोते ते मोजत बसत. घशाच्या त्रासामुळे काही कार्यक्रम रद्दही करावे लागले. १९९९ मध्ये डिकिन्सन परतला. बेलीच्या काळातली ‘साइन ऑफ द क्रॉस’ आणि ‘द क्लॅन्समन’ पुढे डिकिन्सनने गायली आणि ती चांगलीच गाजली, म्हणजे गाण्यांत खोट नव्हती.

पट्टी उतरवणे हा साधा उपाय वाटतो. आपल्याकडे पेटीवाला गायकाला विचारतो, काळी एक की पांढरी दोन, आणि बैठक सुरू होते. गिटारवर ते इतके सोपे नाही. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये सर्वांत जाड तार पांढरी तीनला असते. गायकासाठी सगळ्या तारा काळी दोनवर आणल्या तर त्या किंचित सैल होतात. पांढरी दोनवर आणल्या तर जाड तार फडफडू लागते आणि जलद रिफ चिखलात चालल्यासारखी होते. मग जाड तारांचा संच लावावा लागतो. गिटारला फ्लॉइड रोझ प्रकारचा तरंगता ब्रिज (तारा अडकवलेला, स्प्रिंगवर हलणारा भाग) असेल तर मागचे झाकण काढून स्प्रिंग पुन्हा जुळवावे लागतात, कारण एक तार उतरवली की बाकीच्या चढतात. अर्धी प्रॅक्टिस त्यात जाते. शिवाय मोकळ्या तारेवर बांधलेली रिफ वेगळ्या जागेवरून वाजवली तर तिचा दम जातो. म्हणून अनेक गिटारवादक पट्टी सोडत नाहीत आणि गायकाचा गळा फाटतो.

गुरगुरत्या, सूर न धरणाऱ्या आवाजाच्या डेथ मेटलमध्ये ही अडचण पुष्कळ कमी होते. कॅनिबल कॉर्प्सने १९९५ मध्ये ख्रिस बार्न्सच्या जागी जॉर्ज फिशर घेतला आणि गाडी पुढे चालली. आर्च एनिमीने २००१ च्या ‘वेजेस ऑफ सिन’वर जर्मनीची अँजेला गॉसो आणली, बाई असे गुरगुरते यावर लोकांचा विश्वास बसेना. २०१४ मध्ये तिने अलिसा व्हाइट-ग्लुझकडे माइक सोपवला आणि स्वतः बँडची मॅनेजर म्हणून राहिली. असा गुण्यागोविंदाचा निरोप या क्षेत्रात विरळाच.

ॲक्सेप्ट: एकच बँड, दोन निकाल

जर्मनीतल्या झोलिंगेनच्या ॲक्सेप्टने हाच प्रयोग दोनदा केला. एकदा तो साफ फसला, एकदा साधला, म्हणून या विषयात या बँडइतका उपयोगी दाखला दुसरा नाही. उडो डर्कश्नायडर या बुटक्या, खरखरीत आवाजाच्या गायकामुळे बँड ओळखला जाई. १९८७ मध्ये तो वेगळा झाला. बँडने अमेरिकन डेव्हिड रीस घेतला आणि १९८९ मध्ये ‘ईट द हीट’ काढला. गायक बदलताना त्यांनी बाजही बदलला. अमेरिकी रेडिओला आवडेल अशी गुळगुळीत गाणी केली. जुने श्रोते फिरकले नाहीत, नवे आले नाहीत, आणि बँड विसर्जित झाला.

डर्कश्नायडर १९९० च्या दशकात परत आला, तीन अल्बम झाले, १९९६ च्या ‘प्रेडेटर’नंतर पुन्हा सामसूम. गिटारवादक वोल्फ हॉफमन दरम्यान व्यावसायिक छायाचित्रकार झाला. २००५ मध्ये डर्कश्नायडरसह काही मैफली झाल्या, पण पुढे जायला तो तयार नव्हता. त्याचा स्वतःचा बँड नीट चालला होता. २००९ मध्ये न्यू जर्सीचा मार्क टोर्निलो आला. हा टी. टी. क्विक नावाच्या बँडमध्ये गायचा आणि त्या वर्तुळाबाहेर त्याला फारसे कोणी ओळखत नव्हते. त्याच्याही आवाजाला खरखर होती, पण ती डर्कश्नायडरची नव्हती.

२०१० मध्ये ‘ब्लड ऑफ द नेशन्स’ निघाला, निर्माता अँडी स्नीप. जाड कोरस, सरळ चालणारे ड्रम्स आणि हॉफमनची करवतीसारखी रिफ, सगळे पहिल्यासारखे. फक्त नव्या जोमाने. गायक अमेरिकन असूनही बँड जर्मनच वाटला. २०१४ चा ‘ब्लाइंड रेज’ जर्मनीत पहिल्या क्रमांकावर गेला, जे डर्कश्नायडरच्या भरभराटीच्या काळातही जमले नव्हते. १९८९ आणि २०१० मधला फरक गळ्यापेक्षा गिटारचा होता.

हुबेहूब आवाज

ज्युडास प्रीस्टने निराळा मार्ग धरला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रॉब हॅलफर्ड गेला. बँडने काही वर्षे थांबून १९९६ मध्ये ओहायोचा टिम ओवेन्स निवडला. तो प्रीस्टचीच गाणी वाजवणाऱ्या बँडमध्ये गात होता, आणि हॅलफर्डची किंकाळी त्याला जशीच्या तशी येत असे. मैफलीत जुनी गाणी दणक्यात होत. ‘ज्युग्युलेटर’ आणि ‘डिमॉलिशन’ हे दोन अल्बम मात्र श्रोत्यांच्या मनात बसले नाहीत. २००३ मध्ये हॅलफर्ड परतला. नक्कल उत्तम साधली तरी मूळ माणूस हयात आहे आणि परत येऊ शकतो, ही जाणीव श्रोत्याच्या मनातून जात नाही.

नाव कोणाचे

गायक भांडून गेला की नावाचा वाद येतो. २०१२ मध्ये क्वीन्सराइकने जेफ टेटला काढून टॉड ला टोरेला घेतले. टेटनेही त्याच नावाने दुसरा बँड उभा केला, आणि जवळपास दोन वर्षे दोन क्वीन्सराइक फिरत होते. २०१४ मध्ये समेट झाला: नाव उरलेल्या सदस्यांकडे, आणि ‘ऑपरेशन: माइंडक्राइम’ हा अल्बम पूर्ण सादर करण्याचा हक्क टेटकडे. सबाथने २००६ मध्ये उलटे केले. डिओबरोबर पुन्हा एकत्र आले तेव्हा ब्लॅक सबाथ हे नाव बाजूला ठेवून त्यांनी १९८० च्या अल्बमचेच, ‘हेवन अँड हेल’ हे नाव बँडला दिले.

नाशिकमध्ये

नाशिकचा मेटल श्रोता मुंबई-पुण्याच्या तोंडाकडे पाहत वाढला. १९८६ पासून मुंबईच्या रंगभवनात होत असलेला इंडिपेंडन्स रॉक हा रॉक महोत्सव आधीच्या पिढीचे पंढरपूर होता. परदेशी बँड ऐकायचे तर कसारा घाट उतरणे आलेच. १ फेब्रुवारी २००८ रोजी आयर्न मेडनने जगदौऱ्याची सुरुवात मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातून केली, बँडच्या विमानाच्या चालकांमध्ये डिकिन्सन स्वतः होता. परतीची पंचवटी एक्सप्रेस संध्याकाळी सहाच्या सुमारास सुटते, म्हणजे मुख्य बँड स्टेजवर यायच्या आधीच. मग रात्रीची एसटी किंवा मित्राची गाडी.

इथल्या बँडमध्ये गायकबदल सतत होतो, पण कारणे घरगुती असतात. बारावीनंतर पुणे, इंजिनिअरिंगनंतर हिंजवडी, नाहीतर लग्न. नाशिक ढोलाच्या गावात ड्रमर लवकर मिळतो, उंच आवाजाचा गायक मिळत नाही. बहुतेक बँड कव्हर, म्हणजे दुसऱ्यांची गाणी, वाजवतात, म्हणून नव्या मुलाची परीक्षाही तीच: मेडनचे एखादे गाणे मूळ पट्टीत जाते का. जात नसेल तर त्याला नाही म्हणतात आणि बँड सहा महिने नुसती वाद्ये वाजवत बसतो. स्वतःची दोन-चार गाणी असलेल्यांना हा अडथळा कमी येतो. ते रिफ तशीच ठेवून वरची चाल नव्या मुलाकडून बांधून घेतात.

नावावरून इथे कोर्टकचेरी होत नाही. इन्स्टाग्राम पानाचा पासवर्ड ज्याच्याकडे, त्याच्याकडे नाव राहते, आणि तो बहुधा गिटारवालाच असतो.