थायाटिरा: रंगाऱ्यांचं शहर आणि एक पतंग

तुर्कस्तानाच्या पश्चिमेला मनिसा प्रांतात अखिसार नावाचं शहर आहे. त्याच जागी प्राचीन काळी लिडिया प्रदेशातलं थायाटिरा वसलं होतं. आधी ते पेलोपिया म्हणून ओळखलं जाई. चंद्रगुप्त मौर्याशी तह करणाऱ्या सेल्यूकस निकेटरने इ. स. पू. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला तिथे मॅसिडोनियन सैनिकांची वसाहत केली आणि थायाटिरा हे नाव रूढ झालं.

सार्डिसहून पर्गमॉनला जाणाऱ्या वाटेवरचं हे गाव कारागिरांनी मोठं केलं. तिथल्या शिलालेखांत रंगारी, विणकर, कातडी कमावणारे, कुंभार, तांबट, भटारी यांच्या संघांचे उल्लेख आहेत. एका शहराच्या दगडांवर कष्टकऱ्यांची एवढी नोंद सापडावी, हे मला तिथल्या कुठल्याही राजाच्या कथेपेक्षा मोलाचं वाटतं. मराठी बायबल वाचणाऱ्यांना हे गाव ‘थुवतीरा’ म्हणून ठाऊक असेल. फिलिप्पै शहरात ख्रिस्ती धर्मप्रचारक पौलाचं बोलणं ऐकणारी, जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी लुदिया इथलीच. बायबलच्या ‘प्रकटीकरण’ या पुस्तकात सात ख्रिस्ती मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रांपैकी सर्वांत लांब पत्रही इथल्याच मंडळीला आहे.

या गावाचं नाव मिरवणाऱ्या पतंगाची, म्हणजे फुलपाखरासारख्या कीटकाची, हकिगत बरीच अलीकडची. 1758मध्ये स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने त्याला ‘बॅटिस’ हे जातीनाम दिलं, पण तेव्हा जवळपास सगळेच पतंग ‘फलीना’ या एकाच प्रजातीत, म्हणजे जातींच्या एकाच गटात, कोंबलेले असत. ती गर्दी पुढच्या पिढीने फोडली. त्यांतला एक फर्डिनांड ऑक्सनहाइमर. माइन्झमध्ये जन्मलेला, पुढे व्हिएन्नाच्या रंगभूमीवर गाजलेला हा नट युरोपातल्या फुलपाखरांवर आणि पतंगांवर ग्रंथमाला लिहीत होता. 1816मध्ये त्याने ‘थायाटिरा’ ही प्रजाती मांडली. ग्रीक-लॅटिन साहित्यातली नावं जीवांना देण्याची तेव्हा रीतच होती. प्राण्यांच्या नामकरणात एक प्रजातीनाम दुसऱ्या प्राण्याला चालत नाही, गावाचं नाव मात्र खुशाल चालतं.

थायाटिरा बॅटिसचे पुढचे पंख तपकिरी, त्यांवर प्रत्येकी पाच मोठे गुलाबी डाग आणि डागांच्या मध्यभागी पुन्हा तपकिरी छटा. इंग्रज त्याला पीचचा मोहोर म्हणतात. अळी मात्र पीचवर नव्हे, ब्लॅकबेरी-रास्पबेरीच्या काटेरी झुडपांवर वाढते. ऑक्सनहाइमर 1822मध्ये वारला. त्याची ग्रंथमाला पुढे नेली ती त्याचा सहकारी ट्राइट्श्के याने, ज्याने 1814मध्ये बेथोव्हेनच्या ‘फिडेलिओ’ या ऑपेराची संहिता नव्याने बेतली होती.