प्रौढ डायपर : निवड, तुलना आणि सांगली जिल्ह्यातील वापर

लघवी किंवा शौचावरचा ताबा पूर्णपणे अथवा काही प्रमाणात गेलेल्या मोठ्या माणसाने वापरायचे, एकदाच वापरून टाकून द्यायचे शोषक वस्त्र म्हणजे प्रौढ डायपर. सांगली-मिरजेच्या औषध दुकानांत त्याला ‘पेशंटचे डायपर’ किंवा ‘मोठ्यांचे डायपर’ म्हणतात. भारतीय बाजारात ‘फ्रेंड्स’, ‘लाइफ्री’, ‘डिग्निटी’ अशी अनेक नावे आहेत आणि एकेका नावाखाली दोन-तीन दर्जे असतात. त्यामुळे ‘कोणती कंपनी चांगली?’ या प्रश्नाला नेमके उत्तर मिळत नाही. तक्रार कोणती, माणूस उठू शकतो का, बदलणारे कोण आहे आणि रात्र किती तासांची आहे, हे आधी ठरले की निवड सोपी होते.

मिरजेला १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी मिशन रुग्णालय सुरू केले, १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. पश्चिम महाराष्ट्रातून आणि उत्तर कर्नाटकातून रुग्ण येथे येतात. लकवा, मणक्याची दुखापत, प्रोस्टेटची शस्त्रक्रिया, खुब्याचे हाड मोडणे अशा कारणांनी आलेल्या कुटुंबाची डायपरशी पहिली ओळख बहुधा वॉर्डातच होते. तेथे मावशी आणि मामा, म्हणजे वॉर्डातले मदतनीस, ते सफाईने बदलतात. खरी अडचण घरी गेल्यावर पहिल्या रात्री येते. म्हणून डिस्चार्जच्या आदल्या दिवशी घरातल्या किमान दोघांनी मावशींच्या शेजारी उभे राहून एकदा स्वतःच्या हाताने डायपर बदलून पाहावे. त्या दोघांत मुलगाही असावा. सासऱ्यांचे डायपर सुनेने बदलायचे, हा संकोच दोघांनाही जाचतो. पुष्कळ वृद्ध त्या संकोचापायी ओले झाल्याचे सांगतच नाहीत.

तक्रार रुग्णाच्या शब्दांत

असंयम, म्हणजे लघवी-शौचावर ताबा नसणे, हा वैद्यकीय शब्द कोणी तोंडी वापरत नाही, पण लोकांच्या साध्या बोलण्यात निदानाचा अर्धा भाग सापडतो. ‘खोकलं की सुटते’, ‘घागर उचलली की होते’ हे बहुधा बाळंतपणांनंतर ओटीपोटाखालचे स्नायू सैल झालेल्या बायका सांगतात. त्यांना पूर्ण डायपरची गरज नसते. अंतर्वस्त्रात चिकटवायचे लघवीचे पॅड पुरते. पाळीचे पॅड मात्र त्या जागी नीट काम करत नाही. पाळीचा स्राव दाट आणि सावकाश येतो, लघवी पातळ आणि एकदम येते, ती कडेने निसटते. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडलेला, हे स्नायू आवळून सोडण्याचा व्यायाम या तक्रारीवर आजही पहिला उपाय आहे. तो चिकाटीने काही महिने करावा लागतो. अंग (गर्भाशय) बाहेर येत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवणे टाळू नये.

‘संडासापर्यंत दम धरवत नाही’ ही तक्रार वेगळी. येथे मूत्राशय वेळेआधी आवळते आणि गावाकडे संडास परसात असतो. रात्री अंधार, ओली फरशी, हातात काठी. अशा माणसाला डायपर बांधण्यापूर्वी खाटेशेजारी कमोडची खुर्ची ठेवून पाहावी. अनेकदा तेवढ्याने रात्र कोरडी जाते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र ज्येष्ठांना मिळणाऱ्या एकरकमी ३,००० रुपयांत ही खुर्ची घेता येते. सांगली-पुणे एसटी प्रवास, लग्नकार्य, दवाखान्यातली रांग यांपुरते पँटसारखे डायपर घालणे मग सोयीचे ठरते.

‘थेंब थेंब गळतच असते’ हे वाक्य ऐकले की डायपर आणण्याआधी डॉक्टरांकडे जावे. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांत किंवा जुन्या मधुमेहात मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही. तुडुंब भरलेल्या पिशवीतून वरचे वर सांडत राहते. हे डायपरखाली झाकले गेले तर मूत्रपिंडांवर ताण येतो. लघवीनंतर पिशवीत किती उरते हे सोनोग्राफीत कळते. अचानक ताबा जाणे, लघवीत रक्त, ताप व जळजळ, कंबरदुखीसोबत पायातली ताकद जाणे यांनाही ‘आधी डॉक्टर’ हाच नियम लागू होतो.

‘त्यांना कळतच नाही’ असे नातेवाईक सांगतात तेव्हा मात्र, म्हणजे लकवा, मज्जारज्जूची इजा, वाढलेला स्मृतिभ्रंश अशा स्थितीत, पूर्ण डायपर हे रोजचे साधन बनते. या नोंदीतील पुढची तुलना मुख्यत्वे त्यांच्यासाठी आहे.

आत काय असते

कातडीला लागणारा वरचा थर न विणलेल्या मऊ धाग्यांचा असतो. त्याखाली लघवी पटकन पसरवणारा पातळ थर, मग लाकडाच्या लगद्याचा कापसासारखा गाभा, त्यात मिसळलेले सोडियम पॉलिॲक्रिलेटचे दाणे आणि सर्वांत बाहेर पाणी न झिरपू देणारे आवरण. मांड्यांजवळ लवचीक उभ्या झालरी असतात. काही प्रकारांत बाहेरून एक रेघ दिसते. ओले झाले की तिचा रंग बदलतो. झोपलेल्या माणसाला न उघडता पाहता येत असल्याने ही रेघ फार उपयोगाची आहे.

पाणी धरून ठेवणाऱ्या अशा पदार्थांवरचे सुरुवातीचे काम १९६० च्या दशकात अमेरिकेच्या कृषी खात्यात झाले. जमिनीत ओल टिकवणे हा त्यामागचा हेतू होता. आटपाडी-जतकडच्या डाळिंब बागायतदारांना ‘हायड्रोजेल’ या नावाने जे विकायला येते, त्याच जातकुळीतला हा पदार्थ. शुद्ध पाणी तो आपल्या वजनाच्या काहीशे पट शोषतो. लघवीत क्षार असल्याने तेथे ही क्षमता कितीतरी कमी, काही दहापटींवर येते. शोषलेल्याचा घट्ट गोळा होतो आणि वरून दाब आला तरी ते सहज परत सुटत नाही. नुसत्या कापसाचे पॅड आणि डायपर यांतला मुख्य फरक हाच.

पाकिटावरचा आकडा आणि घरची परीक्षा

लघवी शोषणाऱ्या साधनांच्या चाचणीसाठी १९९६ चे आयएसओ ११९४८-१ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात संपूर्ण नग मिठाच्या पाण्यात भिजवून, निथळून, वजन करतात. त्यातून कमाल क्षमता कळते. पण अंगाखाली दबलेल्या, एका कुशीवर झोपलेल्या माणसाच्या डायपरचा एकच भाग भिजतो आणि बाकीचा कोरडाच राहतो. त्यामुळे पाकिटावर मिलिलिटरचा मोठा आकडा असलेला नगही चादर ओली करू शकतो.

दोन प्रकारांत निवड करायची असेल तर प्रत्येकी एक सुटा नग आणावा. एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ विरघळवावे. साधे पाणी वापरले तर दोन्ही डायपर खोटेच चांगले ठरतात. मधोमध २०० मिलिलिटर एकदम ओतून ते दिसेनासे व्हायला किती वेळ लागतो ते पाहावे. काही मिनिटांनी पुन्हा २०० ओतावे. दहा मिनिटांनी वर कोरडा कागदी रुमाल ठेवून त्यावर जाडजूड पुस्तक दाबून धरावे. रुमाल जितका कमी ओला, तितकी रुग्णाची कातडी कोरडी राहील. माझ्या मते संपूर्ण तुलनेत सर्वांत मोलाची कसोटी हीच आहे. क्षमता जेमतेम पण पटकन शोषून पृष्ठभाग कोरडा ठेवणारे डायपर, क्षमता अफाट पण पृष्ठभाग ओलसर ठेवणाऱ्या डायपरपेक्षा कधीही बरे.

दुसरे माप रुग्णाचे. कोरड्या आणि वापरलेल्या डायपरमधला वजनाचा फरक ग्रॅममध्ये काढला की साधारण तेवढे मिलिलिटर लघवी झाली असे धरता येते. कोरडे १०० ग्रॅम आणि ओले ६५० ग्रॅम भरले तर सुमारे ५५० मिलिलिटर. तीन दिवस ही नोंद ठेवली की रात्रीची खरी गरज कळते. दिवसभर पायांवर साचलेली सूज आडवे झाल्यावर रक्तात परत येते, म्हणून वृद्धांना रात्री लघवी जास्त होते. घरचे लोक मग संध्याकाळपासून पाणीच तोडतात. हे धोक्याचे आहे. लघवी दाट होऊन मूत्राशय अधिक चिडते, बद्धकोष्ठ होते आणि बद्धकोष्ठामुळे गळती वाढते. कमी करायचाच तर चौथा-पाचवा चहा कमी करावा. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर तिची वेळ डॉक्टरांना विचारून सकाळची करून घेता येते.

पँट की चिकटपट्टी

जो माणूस धरून का होईना उभा राहतो, त्याला पँटचा प्रकार. तो चड्डीसारखा वर-खाली ओढता येतो, त्यामुळे संडासात जाण्याची सवय टिकते आणि पुष्कळांची लाजही राखली जाते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला चिकटपट्टीचा प्रकार. कूस वळवून तो खालून सरकवता येतो. खिळलेल्या माणसाला पँट घालणे म्हणजे दर वेळी दोन्ही पाय उचलणे आणि बदलणाऱ्याच्या कमरेचे नुकसान करणे.

माप घेताना कमर आणि कुल्ले दोन्ही मोजून मोठा आकडा धरावा. ‘मोठे घेतले तर जास्त शोषेल’ ही समजूत घरोघरी आढळते आणि गळतीचे ते मोठे कारण आहे, कारण मांडीजवळ फट राहते. बांधण्यापूर्वी झालरी बोटाने उभ्या कराव्यात, खालच्या पट्ट्या आधी किंचित वरच्या दिशेने आणि नंतर वरच्या पट्ट्या किंचित खाली लावाव्यात. पुरुषाचे लिंग खालच्या दिशेला ठेवावे. ते वर राहिले तर लघवी पोटावरून बाहेर जाते. बाईला पुसताना पुढून मागे पुसावे, नाहीतर लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग होतो. रात्रीसाठी एकावर एक दोन डायपर बांधण्याने काही साधत नाही, कारण आतल्याचे प्लॅस्टिक लघवीला बाहेरच्यापर्यंत पोचूच देत नाही. त्यासाठी प्लॅस्टिक नसलेले आतले जोडपॅड मिळते.

कापड, पाणी आणि पाऊस

डायपर येण्याआधी जुन्या नऊवारीचे, धोतराचे मऊ तुकडे, खाली मेणकापड आणि त्यावर वाकळ अशी व्यवस्था होती, आणि ती अजून संपलेली नाही. दिवसा सोबत कोणी असेल तर मऊ सुती कापड कातडीला चांगलेच. पण ते लघवी धरून ठेवत नाही, ओले राहते. दर खेपेला बदलले तरच त्याचा उपयोग. सांगली जिल्ह्यात या निवडीवर भूगोलाची छाप आहे. शिराळ्याकडे पावसाळ्यात कापड दिवसदिवस वाळत नाही आणि दमट तुकड्यांनी कातडीला बुरशी येते. जत, आटपाडीच्या टंचाईच्या उन्हाळ्यात रोज बादल्याच्या बादल्या धुण्याला पाणी आणायचे कोठून? या दोन टोकांना डायपरची गरज सधनतेपेक्षा पाण्यावर ठरते. दिवसा कापड, रात्री एक चांगले डायपर आणि अंगाखाली अंडरपॅड, म्हणजे अंथरुणावर पसरून एकदाच वापरायचे शोषक पॅड, ही मिश्र पद्धत सर्वसाधारण घराला झेपते.

खर्च नगावर काढू नये, चोवीस तासांवर काढावा. समजा ३० रुपयांचे डायपर दिवसाला पाच लागतात आणि ४५ रुपयांचे तीन. स्वस्ताचे १५० होतात, महागाचे १३५, शिवाय चादरी धुणे वाचते. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा डायपरवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. जुना साठा घेताना छापील किंमत पाहून घ्यावी.

कातडी

लघवीतल्या युरियाचा अमोनिया होतो, कातडीचा आम्लपणा जातो आणि ती लाल, सोललेली दिसू लागते. शौच मिसळले तर हे फार लवकर घडते. दर चार ते सहा तासांनी, आणि शौच झाल्यास तत्काळ, बदलणे हाच बचाव. कोमट पाण्याने धुऊन, न घासता टिपून, पूर्ण सुकल्यावर झिंक ऑक्साइडच्या मलमाचा पातळ थर द्यावा. जाड थर दिला तर तो वरच्या थराची छिद्रे बुजवतो आणि डायपर शोषेनासे होते. टाल्कम पावडर टाळावी. घामाने तिच्या गाठी होतात. एप्रिल-मेच्या उकाड्यात दुपारी तासभर डायपर उघडून, खाली अंडरपॅड घालून हवा लागू द्यावी. माकडहाडाजवळचा लालपणा बोटाने दाबल्यावरही फिका पडत नसेल तर ती बेडसोरची, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात असते. तेथे डायपरची कंपनी बदलून काही होणार नाही. दर दोन तासांनी कूस बदलणे आणि डॉक्टरांना दाखवणे लागते.

वापरानंतर

२०१६ च्या घनकचरा नियमांनी वापरलेले डायपर स्वच्छताविषयक कचऱ्यात धरले आणि ते गुंडाळून, ओल्या कचऱ्यात न मिसळता देण्याची जबाबदारी घरावर टाकली. गुंडाळण्याआधी शौच संडासात टाकावे. डायपर संडासात टाकल्यास दाणे फुगून पाइप तुंबतो. उकिरड्यावर ते कुजत नाही, कुत्री फाडून गावभर पसरवतात. चुलीत किंवा अंगणात जाळल्यास प्लॅस्टिकचा विषारी धूर होतो. ओढ्यात टाकलेले कृष्णेतच जाते. घंटागाडी येत नाही अशा वस्तीत कचरा साठवून तालुक्याच्या गाडीपर्यंत नेण्याची सोय ग्रामपंचायतीने करायला हवी. एका घराच्या आवाक्यातले ते काम नाही.

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेच्या पुराची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. नदीकाठच्या घरात अंथरुणावरचा माणूस असेल तर इशारा पातळी जाहीर होताच त्याची पिशवी वेगळी भरावी : चार दिवसांचे डायपर, अंडरपॅड, मलम, मऊ कापड, रोजच्या गोळ्या आणि सगळे बंद करता येईल अशी जाड प्लॅस्टिकची थैली. पूरग्रस्तांना हलवतात त्या शाळेत गाद्या आणि जेवण मिळते, मोठ्यांच्या मापाचे डायपर त्या रात्री मिळेलच असे नसते.