भिंतीवरचं पांढरं: लोणा की बुरशी?

पोळ्याच्या सुमारास भिंतीवर आलेलं पांढरं बहुधा बुरशी असते, आणि दिवाळीनंतर भिंत वाळायला लागली की फुलतो तो बहुधा लोणा. दोघांना एकच समजून पुसायला घेतलं की गडबड होते, कारण लोणा कोरडाच झाडायचा असतो आणि बुरशी ओलीच पुसायची असते.

लोणा म्हणजे निव्वळ मीठ. विटा, माती, सिमेंटमधले क्षार ओलीबरोबर वर येतात, पाणी उडून जातं, क्षार भिंतीवर राहतात. अकोला, बुलडाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या खाऱ्या पाण्यात माल कालवला असेल तर नवं घरसुद्धा पांढरं पडतं. बुरशी मात्र सजीव. तिला ओल लागते आणि खायलाही लागतं: लाकूड, कागद, कपडे, शेणाचं सारवण.

ओळखायचं कसं? चिमटीत घेऊन चोळा. लोण्याचा चुरा होतो, बुरशी बोटाला फासते. थेंबभर पाणी टाका, लोणा विरघळतो. कुबट वास येत असेल, किंवा तेच पांढरं पेटीवर, गोधडीवरही असेल, तर ती बुरशीच, कारण लोणा बांधकाम सोडून कुठे जात नाही.

लोण्यानं माणूस आजारी पडत नाही, प्लास्टर पडतं. बुरशीनं शिंका, डोळ्यांना खाज, खोकला. दम्याच्या माणसाला धापच लागते. टीबी होऊन गेलेल्या फुफ्फुसात तर ती घर करू शकते. बुरशी काळी म्हणजे जास्त विषारी, असं रंगावरून ठरत नाही. आणि खोलीत बुरसलेलं कुटार (भुसा) भरलेलं असेल तर भिंतीआधी ते बाहेर काढा. त्याची धूळ वारंवार छातीत गेली की फुफ्फुसांना सूज येते. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर भिंतीला दोष देत बसू नये, प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्यावी.

लोणा कोरड्या ब्रशनं झाडून चुरा बाहेर टाका. ओल्या फडक्यानं पुसला तर तो विरघळून परत भिंतीत मुरतो. त्यावर ऑइलपेंट तर नकोच, पापुद्र्यासकट सुटतो. बुरशीला एन-९५ मास्क, हातमोजे, उघड्या खिडक्या. आधी साबणाच्या पाण्यानं धुवा. सिमेंटच्या भिंतीवर मग लिटरभर पाण्यात ६० मिली घरगुती ब्लीच. त्यात संडास धुवायचं अ‍ॅसिड कधीच मिसळू नका, विषारी वायू निघतो. सारवलेल्या भिंतीवर हलका फवारा मारून पापुद्रा खरवडा आणि पूर्ण वाळल्याशिवाय पुन्हा सारवू नका.

ओल कुठून येते ते कळायला फूटभर प्लास्टिक भिंतीला चारही बाजूंनी टेपनं चिकटवून दोन दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला आले तर ओल भिंतीतून येतेय: न्हाणीचं पाणी, वळचणीची धार, जोत्याला टेकलेली माती पाहा. खोलीकडच्या बाजूला आले तर हवेतली ओल. खोलीत वारा खेळत नाही.

डाग तीन फूट बाय तीन फुटांपेक्षा मोठा असेल, पुसून महिन्याभरात परत येत असेल, किंवा स्लॅबला गंजाच्या तपकिरी रेघा पडून गिलावा सुटत असेल, तर तालुक्याहून स्थापत्य अभियंता बोलवा. बुरशीची जात शोधायला प्रयोगशाळेवर पैसे घालवू नका, जात कोणतीही असो, उपाय तोच. मातीची भिंत पोटातून फुगली असेल तर अभियंत्याची वाट न पाहता त्या खोलीत झोपणं आजच बंद करा.